एकएकच्या नोटा

ताईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर बिस्किटांचा एक निळा डबा होता आणि त्यात एक डॉलरच्या नोटा होत्या. लाँड्रीत, भाजीच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, जिथं म्हणून मोड मिळेल तिथं ताई एकएकच्या नोटा मागून घेत. घरी आल्यावर टेबलावर ठेवून तळहातानं सपाट करत आणि दहा-दहाची चळत रबर लावून डब्यात टाकत. म्हातारपणची बचत असेल असं मला वाटलं. एकदा विचारलंच, तेव्हा म्हणाल्या, "मशीनला मोठी नोट चालत नाही गं. आणि चुरगळलेली तर मुळीच नाही."

"कसलं मशीन?"

"वरचं," त्या म्हणाल्या, आणि पुढची नोट सरळ करू लागल्या.

मी आटपाडीची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि 2019 च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ब्रुकलिनला आले. ताई त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. वय एकाहत्तर, कृष्णवर्णीय, आईवडील कॅरोलिनाकडून पोटापाण्यासाठी उत्तरेत आलेले. संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन मी दारापुढच्या पायरीवर बसले की त्याही गुडघा धरत येऊन बसायच्या. आपल्याहून मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी ‘ताई’ म्हणू लागले. अर्थ सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण वारली, त्यानंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं."

त्यांचा मुलगा ‘अपस्टेट’ असतो, एवढं मला ठाऊक होतं. नोकरीला असेल असं मी धरून चालले होते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला राज्याचा सगळा मुलूख पसरलेला आहे, डोंगर, सरोवरं आणि सफरचंदाच्या बागांचा. त्याला अपस्टेट म्हणतात. पण शहरातल्या काही गल्ल्यांत त्या शब्दाला दुसराच अर्थ आहे, हे लेकीनं मला समजावलं. तिथं एखादा ‘अपस्टेट गेला’ म्हणजे तुरुंगात गेला. आपल्याकडे ‘वर गेला’ म्हटलं की काय समजायचं ते समजतो. मला तो शब्द ऐकताना प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडायचा. ताई मात्र दर दोन महिन्यांनी वर जायच्या आणि परत यायच्या.

आपल्या भाषेतही या भेटीला चमत्कारिक शब्द आहे. आमच्या शाळेतल्या शिपायाचा भाऊ कोल्हापूरला कळंब्याच्या तुरुंगात होता. शिपाई रजेचा अर्ज घेऊन यायचा, कारण लिहिलेलं असायचं ‘मुलाखत’. कुठं दुसरी नोकरी शोधतोय की काय, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर त्यानं सांगितलं, काचेच्या अलीकडून फोनवर वीसेक मिनिटं बोलायला मिळतं. त्यासाठी तो पहाटेची एसटी धरायचा आणि रात्री घरी पोचायचा. मी अर्जावर सही करायचे. कसा जातोस, बरोबर काय नेतोस, तिथं पोचल्यावर कुठं थांबतोस, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्या न विचारण्याची टोचणी मला ब्रुकलिनच्या पायरीवर लागली.

ताईंकडे एक वही होती. पहिल्या पानावर मुलाचा नंबर: दोन आकडे, एक अक्षर, मग चार आकडे. पहिले दोन आकडे म्हणजे तो राज्याच्या ताब्यात आला ते वर्ष. त्याचे 08 होते. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यानं काय केलं हे मी विचारलं नव्हतं. ताईंनीच एका संध्याकाळी सांगितलं. भांडण झालं, एक माणूस मेला. "तोही कुणाचा तरी मुलगा होता," त्या म्हणाल्या, "त्याच्या आईसाठी मी रोज प्रार्थना करते. तिला भेटायला जायला कुठली बस नाही." यापुढं त्या बोलल्या नाहीत आणि मीही काही बोलले नाही.

वहीच्या पुढच्या पानांवर भेटींचा हिशेब होता. निघायच्या दोन आठवडे आधी तारीख ठरवायची आणि पत्रानं त्याला कळवायची. त्याच्या अंगावर काही शिक्षा नाही ना, भेट बंद नाही ना, याचा कानोसा घ्यायचा. निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या संकेतस्थळावर त्याचा नंबर टाकून तो अजून त्याच तुरुंगात आहे ना, हे पाहायचं. हे काम माझी लेक त्यांना करून द्यायची. यामागं एक जुनी जखम होती. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तुरुंगात, ताई रात्रभर प्रवास करून दारात पोचल्या तेव्हा कळलं की मुलाला दोन दिवसांपूर्वीच हलवलंय. त्याचं पत्र वाटेत होतं. त्या दिवशी संध्याकाळी बस परत निघेपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. तेव्हापासून ही वही.

कपड्यांसाठी वेगळं पान होतं. पारदर्शक काही चालत नाही, उघडे खांदे चालत नाहीत, मांडीच्या वर जाणारं काही चालत नाही. केसांतली पिन, पट्ट्याचं बक्कल, आणि बायकांच्या आतल्या कपड्यातली तार, या सगळ्याला धातुशोधक यंत्र बोंब मारतं. यंत्र वाजलं तर तो कपडा आडोशाला जाऊन काढायचा, कागदी पिशवीत घालून द्यायचा, पुन्हा यंत्रातून जायचं आणि मग परत घालायचा. ताई त्यांच्या पिशवीत नेहमी एक सैल काळा लांब सदरा आणि बिनतारेची एक कंचुकी जादा ठेवायच्या. स्वतःसाठी नव्हे. "दर खेपेला कुणीतरी पोरगी नवीन असते," त्या म्हणाल्या. "तिला कुणी सांगितलेलं नसतं."

ऑक्टोबरात त्यांच्याबरोबर जाणारी भाची आजारी पडली. गुडघ्याचं दुखणं, हातात पार्सल, रात्रीचा प्रवास. मी म्हटलं, मी येते. लेक जरा घाबरली, जावयांनी नियम वाचले. पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालत होता. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आत सोडायचं की नाही, हे तिथं कैद्याला विचारतात, हे वाचून मी थक्क झाले. ज्याला आपल्या कोठडीचं दार उघडता येत नाही, त्याला एवढं एक दार उघडायचा किंवा बंद ठेवायचा हक्क आहे. ताईंनी पत्र लिहिलं. उत्तर आलं: ‘तुझ्या बहिणीला घेऊन ये.’

पार्सल आदल्या दिवशी बांधलं. महिन्याला खाद्यपदार्थांची मर्यादा पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलोच्या आसपास. काच नको, आणि घरी शिजवलेलं काही नको. पदार्थ कारखान्यातून हवाबंद आलेला हवा. ताईंनी ट्यूना माशाची पाकिटं, भात, कॉफी, शेंगदाण्याचं लोणी, सफरचंदं असं एकेक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. माझ्या हातात बेसनाचे लाडू होते, लेकीसाठी केलेल्यातले. पोराला भेटायला जायचं आणि हातचं काही न्यायचं नाही, हे मला सहनच होईना. ताईंनी लाडूचा डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडून खोल वास घेतला आणि परत दिला. म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली. माझ्याही हातचं त्यानं इथं टेबलावर बसून खाल्लेलं नाही."

शुक्रवारी रात्री आम्ही सबवेच्या ए गाडीनं कोलंबस सर्कलला उतरलो. मॅनहॅटनच्या मध्यभागातला हा झगमगता चौक. सेंट्रल पार्कचा कोपरा, कारंजी, उंच खांबावर कोलंबसचा पुतळा, काचेच्या इमारतीत महागडी दुकानं. नाटक पाहून परतणारे लोक टॅक्सीला हात करत होते. त्यांच्या बाजूनंच, फुटपाथच्या कडेला, पन्नासेक बाया पिशव्या, उशा आणि झोपाळू मुलं घेऊन उभ्या होत्या. जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या. पुरुष मोजून तीन. मला आमच्या एसटी स्टँडची आठवण झाली, जत्रेच्या आदल्या रात्रीची. त्या चौकातून जाणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांना हा घोळका दिसत नव्हता. मीही या शहरात चार महिने राहिले होते, आणि दर आठवड्याला या चौकातून अशा बस सुटतात याचा मला पत्ता नव्हता.

पूर्वी ही बस फुकट असायची. 1971 च्या सप्टेंबरात याच राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला, सरकारनं तो बंदुकीनं मोडला, आणि त्रेचाळीस माणसं मेली. त्यानंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यांत 1973 पासून राज्यानं कैद्यांच्या घरच्यांसाठी मोफत बस सुरू केल्या. 2011 मध्ये काटकसर म्हणून त्या बंद झाल्या. आता खाजगी बस आणि व्हॅन चालतात, आणि प्रत्येक सीटचं, लहान मुलाच्याही, भाडं भरावं लागतं. ताईंनी फुकटच्या बसची तीन वर्षं पाहिली होती. "तेव्हा मी महिन्याला जायचे," एवढंच म्हणाल्या.

ताईंचा मुलगा होता तो क्लिंटन तुरुंग ब्रुकलिनपासून पाचशे किलोमीटरवर, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, डॅनेमोरा नावाच्या गावात आहे. पोरं शहरातली आणि तुरुंग डोंगरात, असं का, हे मला बसमध्ये उमगलं नाही, नंतर वाचून उमगलं. 1973 मध्ये गव्हर्नर रॉकफेलर यांच्या कारकिर्दीत अमली पदार्थांविरुद्ध अतिशय कडक कायदे झाले. कैदी वाढत गेले, 1999 पर्यंत राज्याच्या तुरुंगांत बहात्तर हजारांवर माणसं झाली. उत्तरेकडच्या गावांतल्या खाणी आणि कारखाने बसले होते, त्यांना रोजगार हवा होता. नवे तुरुंग तिकडे उभे राहिले. हे एका राज्याचंही नाही. 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेतल्या राज्य-तुरुंगांतले त्रेसष्ट टक्के कैदी घरापासून शंभर मैलांहून दूर ठेवलेले आहेत. शिक्षा सुनावताना न्यायाधीश वर्षं सांगतो. मैल कुणी सांगत नाही, आणि ते मैल कैदी चालत नाही, त्याची आई चालते.

बस अकराच्या सुमारास हलली. पहिला अर्धा तास बायकांचं बोलणं चाललं होतं आणि मी कान देऊन ऐकत होते. कुठल्या तुरुंगात कुठल्या मशीनमधलं चिकन बरं असतं. कोणाची पॅरोल बोर्डापुढची तारीख आलीय. कोणाच्या पोराला ‘बॉक्स’मध्ये, म्हणजे एकांतकोठडीत, टाकलंय. कोणी ‘ड्राफ्ट’वर आहे, म्हणजे बदलीच्या गाडीत बसलाय आणि कुठं उतरेल ते ठाऊक नाही. हे सगळं त्या अशा बोलत होत्या, जसं आम्ही बायका बाजारभाव आणि पोरांच्या परीक्षांबद्दल बोलतो. आमच्या पुढच्या सीटवर एक विशीतली मुलगी, केसांना रोलर लावलेले, मांडीवर दोन वर्षांचा मुलगा. शेजारी डोमिनिकन आजी जपमाळ ओढत होत्या. मग दिवे मालवले आणि पन्नास माणसं एकदम झोपी गेली. मी जागीच होते. ताईंनी झोपेतच त्यांच्या शालीचं अर्धं टोक माझ्या पायांवर सरकवलं.

पहाटे डोंगर दिसू लागले. अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वताची झाडं ऑक्टोबरात लाल, केशरी, हळदी रंगांनी पेटतात. लोक दुरून ती पाहायला येतात. मी आयुष्यात असे रंग पाहिले नव्हते. "ताई, बघा तरी," मी म्हटलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "पानगळ आली की मला पुढची भेट दिसते. बर्फात रस्ता बंद होतो." या तुरुंगाला ‘छोटा सायबेरिया’ म्हणतात ते उगीच नव्हे.

डॅनेमोरात उतरल्यावर मी जागीच थबकले. गावाच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला घरं, दुकानं, चर्च, आणि दुसऱ्या बाजूला, हातभर फुटपाथ सोडून, सरळ वर गेलेली काँक्रीटची भिंत. ती रस्त्याबरोबर चालतच राहते. वर टेहळणीचे मनोरे. समोरच्या ओसरीत भोपळे ठेवलेले, कुणी कुत्रा फिरवत होतं. पिढ्यान्‌पिढ्या हे गाव भिंतीकडे तोंड करून राहिलंय. 1845 मध्ये इथं तुरुंग बांधला तो कैद्यांकडून लोखंडाची खाण चालवून घेण्यासाठी. गावाचं नावही स्वीडनमधल्या लोखंडाच्या गावावरून घेतलेलं. 2015 च्या जूनमध्ये इथून दोन कैदी नळांमधून मार्ग काढत रस्त्यावरच्या मॅनहोलमधून बाहेर पडले, तेव्हा हे गाव जगभर टीव्हीवर दिसलं. मला मात्र भिंतीपलीकडच्या चर्चची गोष्ट जास्त लागली. 1941 मध्ये पुऱ्या झालेल्या त्या चर्चच्या भिंती कैद्यांनी आपल्या हातांनी उभ्या केल्या, आणि ते वाहिलंय संत डिस्मसला. डिस्मस म्हणजे येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेला चोर. वाल्या कोळ्याचं देऊळ कुणी बांधलं, तर ते असंच एखाद्या ठिकाणी बांधावं.

भेटीला आलेल्यांसाठी बाहेर एक खोली असते. तिथं पुढचा तासभर जे पाहिलं ते मी विसरणार नाही. रात्रभर बसमध्ये चुरगळलेल्या बायका एकेक करून न्हाणीघरात शिरत होत्या आणि सजून बाहेर येत होत्या. रोलर निघाले, कुरळे केस खांद्यांवर आले. इस्त्री नव्हती, तर एकीनं ब्लाऊज गरम पाण्याच्या वाफेवर धरला. डोमिनिकन आजींनी कानांत मोती घातले. ती विशीतली मुलगी मात्र रडवेली होऊन उभी. तिचा झगा खांद्यांवर उघडा होता. ताईंनी न बोलता पिशवीतून काळा सदरा काढून तिच्या अंगावर घातला, बाह्या दुमडल्या, कॉलर नीट केली. आपण लग्नघरात एकमेकींच्या निऱ्या सावरतो तसं. मी माझा अंबाडा पिन न लावता नुसत्या दोऱ्यानं बांधला. पाटल्या ताईंनी घरीच काढून ठेवायला लावल्या होत्या.

पुढचे सोपस्कार लवकर सांगते. रांग, अर्ज, पासपोर्ट, लॉकर, यंत्र, हातावर न दिसणाऱ्या शाईचा शिक्का. ताईंचा गुडघा पाहून पहाऱ्यावरच्या तरुण अधिकाऱ्यानं खुर्ची आणून दिली. लोखंडी दार मागं बंद झालं, तेव्हा पुढचं अजून उघडलं नव्हतं. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात मी ताईंचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. अकरा वर्षं येताहेत, तरी.

आत शाळेच्या जेवणघरासारखी मोठी खोली, ओळीनं टेबलं. काच नाही, जाळी नाही. मी ज्याची कल्पना केली होती त्यातलं काहीच नव्हतं, आणि मला आधी हायसं वाटलं, मग आणखीच गलबलून आलं. दूरच्या दारातून हिरवी सरकारी पँट घातलेला उंच माणूस आला. ताई उभ्या राहिल्या. गळाभेट येताना आणि जाताना घेता येते. मध्ये हात हातात धरता येतात, पण ते दिसतील असे टेबलावर ठेवायचे. त्या मिठीत ताईंनी त्याच्या मानेला, खांद्याला, पाठीला हात लावून पाहिला. बाळ अंघोळीनंतर पुसताना आई पाहते तसा. "वजन उतरलंय," त्या म्हणाल्या.

आणि मग ती मशीनं. भिंतीशी ओळीनं उभी, चिकनची, बर्गरची, पॉपकॉर्नची, थंड पेयांची. कैद्याला पैशाला हात लावायची मुभा नाही आणि मशीनपर्यंत जायचीही नाही. तो टेबलाशी बसून राहतो आणि भेटायला आलेली बाई उठते. त्या निळ्या डब्यातल्या सपाट केलेल्या नोटा पारदर्शक पिशवीतून एकेक करून मशीनच्या फटीत जात होत्या. त्या दिवशी ते काम माझं होतं. माझ्या गुडघ्यांचा कधी नव्हे इतका उपयोग झाला. तो मला लांबून दिसेल असं पाकीट दाखवायला सांगायचा आणि मान हलवायचा: हे नको, ते शेजारचं. गरम केलेलं चिकन मी आणलं, ताईंनी टेबलावर कागदी रुमाल चौकोनी पसरला, कडा सरळ केल्या, मधोमध चिकन ठेवलं, आणि तिघांनी डोळे मिटून प्रार्थना केली. माझी तोंडातल्या तोंडात, ‘वदनी कवळ’. डोळे उघडून पाहते तर आजूबाजूला सगळीकडे तेच. कागदी रुमालांची पानं मांडलेली. वीस-पंचवीस घरं जेवायला बसली होती.

तो माझ्याशी लाजत बोलला. आत शिवणखात्यात काम करतो, तासाला काही सेंट मिळतात. माझ्या कमीजची कड त्यानं दोन बोटांनी धरली, वळवून पाहिली आणि विचारलं, "ही तुरपाई हातची आहे ना? मशीनची इतकी बारीक येत नाही." आटपाडीच्या शिंप्याला मी हे पुढं जाऊन सांगितलं. मग ताईंच्या मुलानं विचारलं, तुमच्याकडे तुरुंग असतात का. मी त्याला स्वतंत्रपूर सांगितलं.

आमच्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानात 1939 मध्ये माळावर वसवलेली कैद्यांची खुली वसाहत, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाच्या, आमच्या लोकांनी ज्याला भारतानंद म्हटलं त्याच्या, कल्पनेतून. व्ही. शांतारामांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरून सुचला. तिथं भिंत नाही. कैदी शेती करतात आणि बायकामुलं त्यांच्याजवळ राहू शकतात. वसाहतीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे वडील कैदी आहेत हे आम्हाला ठाऊक होतं आणि ते रोज संध्याकाळी घरी असतात हेही. हे ऐकताना ताईंच्या मुलाचे हात टेबलावर तसेच राहिले, पण तो पुढं वाकला. "रोज?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, रोज. आणखी संचित रजेचंही सांगितलं, ठरावीक शिक्षा भोगलेल्या, वागणूक चांगली असलेल्या कैद्याला काही दिवस घरी सोडतात ते. आपलं सगळं चांगलं आणि त्यांचं वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. स्वतंत्रपूर मूठभर माणसांचं आहे, आणि काचेपलीकडची वीस मिनिटं हजारोंची. आपल्याकडे मध्यंतरी काही तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला. मुलांना वर्षातून एखादा दिवस आईबापाच्या कुशीत जाता यावं म्हणून त्याला खास नाव द्यावं लागलं. इथं ती कूस नऊ ते तीन उघडी होती, फक्त पाचशे किलोमीटर दूर.

मग त्यानं आणि ताईंनी मला ट्रेलरची गोष्ट सांगितली, एकमेकांची वाक्यं पुरी करत. 1976 पासून न्यूयॉर्कच्या काही तुरुंगांच्या आवारात छोटी घरं आहेत. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला घरच्यांबरोबर तिथं एक-दोन रात्री राहता येतं. अमेरिकेत अशी सोय आता चारच राज्यांत उरलीय. चार वर्षांपूर्वी त्यांना एकदा मिळाली होती. ताईंनी स्वयंपाक केला, त्यानं कांदा चिरला. "हा रात्रभर फ्रिज उघडत होता," ताई म्हणाल्या. "मी विचारलं, भूक लागलीय का? म्हणाला, नाही, नुसतं उघडतोय." तो खाली बघून हसला. ते दार त्याला स्वतःला उघडता येत होतं.

लेकीनं पुढं मला मिनेसोटा राज्याच्या तुरुंगखात्याचा 2011 चा अभ्यास वाचून दाखवला. सोळा हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना भेटायला माणसं येत होती त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका तेरा टक्क्यांनी कमी निघाला.  सरकारचा एवढा मोठा फायदा ज्या बायका करून देतात, त्या स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या झोपेवर, स्वतःच्या गुडघ्यांवर करून देतात. त्यांच्याकडून बसचं भाडं घेणं मला अन्याय वाटतो, आणि मी हे शांतपणे म्हणू शकत नाही.

पावणेतीनला फोटो काढला. आतलाच एक कैदी कॅमेरा घेऊन असतो, भिंतीवर रंगवलेल्या धबधब्यापुढं उभं करतो. ताई मध्ये, आम्ही दोन बाजूंना. तीनच्या आधी खोलीतला आवाज आपोआप खाली आला. कुणी सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. दोन वर्षांचा तो मुलगा बापाच्या मांडीवर झोपला होता, त्याला आईकडे देताना जाग आली आणि त्यानं बापाच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. बापानं एकेक बोट सोडवलं. खूप वेळ लागला. कुणी घाई केली नाही, पहाऱ्यावरच्यांनीही नाही.

परतीच्या बसमध्ये सगळ्याजणी लगेच झोपल्या, ताई सोडून. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: ‘वजन उतरलं. दात दुखतो, डावा, खालचा. हिवाळी मोजे. डिसेंबर, पहिला शनिवार, बर्फ पाहून.’ मग माझ्याकडे पेन्सिल दिली आणि तारखेपुढं माझं नाव लिहायला सांगितलं. मी मराठीत लिहिलं.

डिसेंबरात मला जमलं नाही, व्हिसाची मुदत संपली होती. नंतर नियमही बदलले. 2022 पासून खाण्याचं पार्सल घरच्यांनी न्यायची सोय गेली, ते दुकानांकडूनच मागवावं लागतं. 2025 च्या ऑगस्टपासून राज्याच्या तुरुंगांतून घरी फोन करणं मात्र मोफत झालं. लेक सांगते, ताईंचा फोन आता रोज वाजतो आणि त्या पायरीवर बसून मोठ्यानं बोलतात.

पण त्या रविवारी, परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी, मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. वीसची नोट दिली. दुकानदार दहाची आणि पाचची नोट काढू लागला. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, सगळे एकएकचेच द्या. त्यानं मोजून दिले. घरी येऊन मी ते ताईंच्या टेबलावर ठेवले, आणि आम्ही दोघी नोटा सरळ करत बसलो.